लाखबंद डबी

बाणखडीच्या बाजारात त्या गुरुवारी मेथीच्या पेंड्या उन्हात तशाच सुकत पडल्या. विकणारे आणि घेणारे, सगळेच ओढ्याच्या रस्त्याला धावले होते. बायका डोक्यावरच्या पाट्या सावरत पळत होत्या, म्हातारे काठ्या टेकत "काय झालं रं?" विचारत मागून येत होते आणि उत्तर द्यायला कुणी थांबत नव्हतं. मी गावचा ढोर-डॉक्टर. एका म्हशीच्या पोटाला कान लावून उभा होतो, तर तिचा मालकच दावं माझ्या हातात कोंबून सुटला.

"आवं डाक्टर, धरा जरा! आप्पासोची गाडी बिनपेट्रोलची पळाय लागलीया!"

म्हैस बाभळीला बांधली आणि गेलो. न जाऊन करतो काय? मालकच पळाल्यावर मी एकट्यानं म्हशीशी गप्पा मारत बसायचं का?

गाडी बिनपेट्रोलची नव्हती, हे तिथं पोचल्यावर कळलं. झालं होतं ते असं. मलकापूरकडून नाथाजी बापू नावाचा माणूस आला होता आणि त्यानं बाजारात कनात ठोकली होती. आप्पासो म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीचा मालक, अंगानं चांगला भरलेला. त्याच्या राजदूत मोटारसायकलची टाकी बापूनं सगळ्यांदेखत रिकामी केली, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीनं मापून एक बाटली पेट्रोल ओतलं आणि म्हणाला, "जा, पळीव." आप्पासो मेहुण्याला मागं घेऊन दणक्यात निघाला. ओढ्याच्या अलीकडंच गाडी बंद पडली.

ती ढकलत आणून कनातीच्या आड नेली. थोड्या वेळानं बाहेर आली तर पेट्रोलच्या नळीवर पितळी डबी बसलेली. डबीला लाल लाखेची मोहोर, वर बिरोबाच्या भंडाऱ्याचं बोट, आणि तसलीच लाख खालच्या कार्बोरेटरच्या झाकणावरही. पुन्हा तेवढंच पेट्रोल ओतलं. या खेपेला बापू स्वतः बसला, एकटाच, आणि सावकाश निघाला. गाडीनं ओढा ओलांडला, चिंचेची बाग ओलांडली आणि पार खिंडीच्या पायथ्याला बिरोबाच्या पाषाणापाशी जाऊन थांबली.

"दुप्पट गेली म्हणायची का रं?"

"दुप्पट? आणखी गेली असती. देवाला बघून थांबली!"

मी गर्दीतनं वाट काढत बापू दिसेल असा उभा राहिलो.

बापूचा अवतार बघण्यासारखा होता. खाली खाकी पँट, वर भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष आणि कमरेला पान्हा. गाडीच्या सीटवरच उभा राहून त्यानं प्रवचन सुरू केलं.

"मंडळी, पेट्रोल म्हंजे काय? तेज! तेज जळतं कुणामुळं? वायूमुळं! आता तेजाचं आन वायूचं लगीन नीट न्हाई लागलं, तर निम्मं पेट्रोल कुवारंच धुराड्यातनं निघून जातं. तुमी पैसं मोजायचं आन त्यानं कुवारं मरायचं! ही डबी म्हंजे भटजी. आत जर्मन लोहचुंबक हाय, हिमालयात सिद्ध केलेलं हाय, आन वरनं आपल्या बिरोबाचा भंडारा. मंत्र न्हाई मंडळी, यंत्र हाय यंत्र!"

टाळ्या पडल्या. धनगर बिरोबाच्या नावाला भुलले, शिकलेले जर्मनीच्या नावाला भुलले, आणि बाकीच्यांना लग्नाची गोष्ट आवडली.

गर्दीत सगळ्यांत पुढं उभा होता जोतीराम हवालदार. पूर्वेच्या सीमेवर लढाई करून आलेला, फौजेतनं सुटून दोनेक वर्षं झालेला. हा माणूस अंगारे-धुपारे मानणारा नव्हे. मागं गावात भूत उतरवणारा देवऋषी आला होता, त्याला यानंच "लेफ्ट-राइट" करत वेशीबाहेर काढला होता. म्हणून त्या गर्दीत याचं तोंड उघडंच राहिलेलं बघून मला वाईट वाटलं.

पण त्याची अडचण मला ठाऊक होती. त्याची थोरली, शालन, विट्याच्या हायस्कुलात अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, होती. बाणखडीची एकही पोर तिच्याआधी तिथवर पोचली नव्हती. एस.टी. यायची ती शाळा भरून गेल्यावर, म्हणून हवालदार तिला रोज आपल्या राजदूतवरनं खिंड चढून पोचवायचा आणि आणायचा. आणि त्याच हिवाळ्यात अरबांनी तेल अडवलं, पेट्रोल असं कडाडलं की टाकी भरताना पंपावरच्या माणसाच्या तोंडाकडं बघवेना. चंद्राबाई, म्हणजे हवालदाराची बायको, घरात रोज एकच लावून बसलेली, "पुरं झाली साळा. पेट्रोल जाळून पोरगी काय कलेक्टर व्हनार हाय?" परीक्षा मार्चात. तोवर गाडी चालली तर शालन मॅट्रिक होणार होती, नाही तर घरी बसणार होती.

ती बापाच्या मागंच उभी होती. मला बघून जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काका, आप्पासोमामा जोरात गेले, मागं माणूस घेऊन. बापू एकटे गेले, आणि हळू. मग डबीनं किती वाचवलं आणि हळू चालवण्यानं किती, हे कसं कळणार? डबीशिवाय तेवढंच हळू चालवून बघायला पाहिजे ना?"

एवढी माणसं तिथं उभी होती, त्यात बी.एस्सी. शिकलेले मास्तर होते, मी होतो. हे सुचलं ते या पोरीला!

मी पुढं झालो आणि खणखणीत आवाजात बोललो, "बापू, एक करा. डबी काढा, त्याच गाडीवर तुम्हीच बसा, एकटेच, आणि असंच सावकाश चालवा. कुठवर जाते बघू."

बापू हसला. गर्दीकडं वळून म्हणाला, "हे कोण?"

"ढोराचे डाक्टर."

"असं व्हय! डाक्टर, बाळंतीण झालेल्या बाईला कुनी म्हनतं का, बाई, लेकरू परत पोटात घाल, मला बघायचंय? सिद्ध झालेलं यंत्र काढायचं नसतं. तुमी म्हशीचं थर्मामीटर बघा."

कुठं थर्मामीटर लावतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. असा हशा उसळला की मेथीवाल्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. शालन मात्र हसत नव्हती.

हशा ओसरल्यावर बापूनं नेम सांगितले, आणि ते नीट ऐका, कारण सगळी मेख तिथं आहे. गाडी पळवायची नाही, चालवायची. टायरातली हवा दर आठवड्याला बघायची. तिसरं माणूस बसवायचं नाही. सूर्य डोक्यावर आला की गाडी सावलीत लावायची, कारण त्या वेळी यंत्र ध्यान करतं. लाख फोडायची नाही, मेस्त्रीला हात लावू द्यायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नेम विटाळाचा. सुतकातला माणूस किंवा 'बाहेरची' बाई, म्हणजे पाळी आलेली, गाडीला शिवली की यंत्र उलटतं. "मंग इंजनाचा जीव गेला तर बापूला बोल लावायचा न्हाई."

संध्याकाळी हवालदार माझ्या दवाखान्यात आला. खुर्चीवर बसला, मिशीवरनं हात फिरवला.

"डाक्टर, खरं सांगा. घ्यावी का डबी?"

"घेऊ नका."

"का?"

"तुमच्या लेकीनं जे विचारलं त्याला त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून. खरा माल विकणारा म्हणाला असता, चला, आत्ता दाखवतो."

"पर गाडी गेली की वो बिरोबापातूर! ह्या डोळ्यांनी बघिटलं."

"गेली. का गेली ते कुणी बघितलंय?"

"आवं, ह्यो काय अंगारा हाय का? मशीन हाय. फौजेत आमी रेडिओ वापरायचो. आत काय असतंय ते कुठं ठावं हुतं? आवाज यायचा, बास."

"रेडिओला कुणाचा विटाळ व्हायचा का?"

तो जरा अडखळला. मला वाटलं, जिंकलो. पण तो उठला आणि खाली बघून म्हणाला, "पोरीची साळा सुटंल डाक्टर. दुसरा रस्ता सांगा की." रस्ता मी सांगितला. सावकाश चालवा, हवा नीट ठेवा, उतारावर गाडी सोडून द्या; फुकटात पेट्रोल वाचेल. तो नुसता हसला. फुकटाचा सल्ला आणि सीलबंद यंत्र यांत माणूस कशावर विश्वास ठेवतो हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कनातीच्या आड जाऊन तो डबी बसवून आला.

आणि गंमत बघा, पेट्रोल वाचायला लागलं! हवालदार छाती पुढं काढून गावात सांगत सुटला. मला रस्त्यात गाठून म्हणायचा, "काय डाक्टर, म्हशी बऱ्या हायत न्हवं?" मी काय बोलणार? वाचत तर होतं.

शालन बोलली. एका रविवारी प्रकाशाचं वक्रीभवन विचारायला आली होती, तेव्हा म्हणाली, "काका, आबा आता इतके हळू चालवतात की सायकलवाले पुढं जातात. हवा दर शनिवारी भरतात. मग वाचणारच की. पण डबी काढून बघू म्हटलं की ओरडतात."

मला काळजी वाटत होती ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच्या गाडीचा आवाज बदलला होता. चढावर इंजिनातनं टणटण आवाज यायचा आणि खिंड चढून आली की तापलेल्या तव्यासारखा वास यायचा. माझीही सरकारी गाडी राजदूतच. माळावर बंद पडली तर मीच उघडत बसायचो, म्हणून तिच्या खोड्या माहीत होत्या. हवालदाराला म्हटलं, "इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय. झाकण उघडून बघू द्या." त्यानं सरळ हात जोडले. "लाख फुटंल."

त्यात आप्पासोचं इंजिन जाम झालं. गिरणीवरनं जोंधळ्याचं पोतं मागं टाकून भर उन्हात विट्याला निघाला होता, चढावर गाडी अडकून बसली ती बसलीच. मी म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. कसले उघडतायत! बापू पुढच्या गुरुवारी आला, त्यानं आप्पासोला चारचौघांत विचारलं, "कुनाच्या मातीला गेला हुतास?" माणूस गेल्या महिन्यात कुणाच्या ना कुणाच्या मातीला गेलेला असतोच. आप्पासोनं मान खाली घातली. त्या दिवशी बापूच्या आणखी डब्या खपल्या.

फाल्गुन लागला. शालनची परीक्षा तोंडावर आली.

हवालदार देवऋषीला पळवून लावणारा असला तरी घरात राज्य चंद्राबाईचं होतं. पाळीच्या दिवसांत पोरींनी घरात यायचं नाही. गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या गंजीशेजारी गोणपाट टाकून बसायचं, तिथंच ताट सरकवलं जायचं. शालन तिथं पुस्तक घेऊन बसली होती. दुपारची वेळ. गंजीत उंदीर होतेच, त्यांच्या मागं नाग आला होता. तिनं टेकायला हात मागं नेला आणि तो हाताला डसला.

पुढचं मला चंद्राबाईनं सांगितलं. गावातली माणसं देवऋषीकडं धावणार तेवढ्यात हवालदार गरजला, "कुनी हालायचं न्हाई! विट्याच्या दवाखान्यात इंजेक्शन असतंय." यात त्याचं काय चुकलं? काही चुकलं नाही. शंभरातला एखादाच बाप त्या वेळी असं वागला असता. त्यानं गाडी काढली. चंद्राबाई पोरीला धरून उभी होती. तिला बापूचा नेम आठवला.

"आवं, ती बाहेरची हाय. डबीला चालत न्हाई."

"गप! लेकरू माझं हाय. माझ्या लेकराचा कसला विटाळ?"

त्यानं शालनला उचलून मधे बसवलं, मागं चंद्राबाई बसली, आणि गाडी सोडली. भर दुपार होती, गाडीवर तिघं होती आणि मूठ पूर्ण पिळलेली.

मी त्या वेळी खिंडीपलीकडच्या धनगरवाड्यावर मेंढ्यांना लस टोचून परत येत होतो. खिंडीच्या अर्ध्या चढावर वळण घेतलं तर समोर हवालदाराची गाडी रस्त्यात आडवी. मागचं चाक जाम होऊन ती फरफटत गेल्याची रेघ डांबरावर उमटली होती. हवालदार किकवर उभा राहून दाबत होता आणि किक दगडासारखी. चंद्राबाईच्या मांडीवर शालन. पापण्या मिटत चाललेल्या, तोंडातनं लाळ गळत होती, श्वास वरवरचा.

विचारायची गरज नव्हती. गाडी वळवली, शालनला मधे घेतलं, हवालदार मागं तिला आवळून बसला. चंद्राबाईला जागा नव्हती. ती खिंडीत एकटी उभी राहिली. तिघांना घेऊन माझी गाडी तोच चढ, त्याच उन्हात चढली.

माथ्यावर शालनचं डोकं माझ्या पाठीवर पडलं. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

"काका, जोरात चालवा."

चालवली की गं पोरी. जेवढी जाईल तेवढी चालवली. विट्याच्या अलीकडं हवालदार ओरडला, "डाक्टर, श्वास घेईना ती!" रस्त्याकडंला तिला आडवी घातली आणि तोंडानं श्वास भरत राहिलो. एक ट्रक थांबला, त्यात घालून नेली, ट्रकमध्येही भरत राहिलो. दवाखान्यात इंजेक्शन होतं. डॉक्टरनं नाडी बघितली आणि इंजेक्शनची बाटली परत ठेवली. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाला. त्यानं दुसरं म्हणावं तरी काय!

शालनचे दिवस घातल्यावर मी गावाला चावडीपुढं गोळा केलं. मला राहवत नव्हतं. हवालदाराची गाडी ढकलत आणली. तो घरातनं बाहेर आला नाही, पण अडवलंही नाही. मी सगळ्यांसमोर लाख फोडली. पुढची रांग चटकन मागं सरकली, जणू आतनं नाग निघणार होता.

डबीत सायकलचे छर्रे होते, तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं आणि चिमूटभर भंडारा. लोहचुंबक नव्हतंच, जर्मन नाही आणि देशीही नाही. पेट्रोल त्यातल्या साध्या नळीतनं आरपार जात होतं.

"ही डबी काहीच करत नाही," मी म्हणालो. "करामत इथं आहे." आणि कार्बोरेटरचं झाकण उघडलं. आत एक सुई असते. ती वर असेल तर पेट्रोल जास्त सुटतं, खाली असेल तर कमी. सुईला खाचा असतात. बापूनं कनातीच्या आड सुई पार खाली बसवली होती आणि कुणी बघू नये म्हणून वर लाख ओतली होती. पेट्रोल कमी सुटलं म्हणजे थोडं वाचतं, बाकीचं हळू चालवून आणि हवा भरून वाचतं. पण या गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. गाडी सकाळच्या गारव्यात, एकट्यानं, सावकाश चालवली तर धकून जातं. भर उन्हात, ओझं घेऊन, चढावर पळवली की पिस्टन तापून फुगतो आणि आतल्या आत चिकटून बसतो. प्लग काढून दाखवला, चुन्यासारखा पांढरा पडला होता. पिस्टन काढून दाखवला, त्यावर ओरखडे.

"कळलं का? पळवू नका, तिसरा बसवू नका, दुपारी चालवू नका, हे नेम देवाचे नाहीत. असं केलं की इंजिन जाम होणार हे त्या हरामखोराला पक्कं ठाऊक होतं! आणि विटाळाचा नेम घातला तो जाम झाल्यावर तुमच्याच गळ्यात पाप बांधायला!"

मग मी माझी गाडी घेतली, डबी न लावता सुई खाली केली, आप्पासोला म्हटलं, "तूच मोज," आणि तीच खोकल्याच्या औषधाची बाटली ओतून, एकट्यानं, सावकाश निघालो. खिंडीच्या पायथ्याशी, बिरोबाच्या पाषाणासमोर पेट्रोल संपलं. सगळं गाव मागं चालत आलं होतं. मी गाडीवरनं उतरलो. घाम पुसला. मला वाटलं, आता कळलं असेल.

आप्पासोनं पाषाणाला हात जोडले आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "म्हंजे डाक्टर, तुमच्या हातालाबी गुण हाय म्हणायचा!"

कप्पाळ! मी मटकन रस्त्यावर बसलो.

"अरे गड्या, तिघांना घेऊन माझी गाडी खिंड चढली. तीच पोरगी बसली होती ना? मग माझ्या गाडीला विटाळ का नाही झाला?"

"तुमच्या गाडीवर डबीच न्हवती. मंग विटाळ लागायचा कशाला?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं सगळं चोख जुळलं होतं. बापू त्यानंतर बाणखडीत आला नाही, त्याला गरजही पडली नाही. फलटणच्या बाजारात तो आता सांगतो म्हणे, "यंत्र लय कडक हाय मंडळी. सांगलीकडं एकानं नेम मोडला, पोरगी गमावली." शालनच्या नावावर त्याच्या डब्या खपतायत.

मी पोलिसांत गेलो. तिथं मला विचारलं, मुलगी कशानं मेली? म्हटलं, नागानं. "मग नागावर केस करता का?" असं म्हणून ते हसले.

उरला हवालदार. त्याला तरी हे कळावं एवढी एकच इच्छा धरून मी एका सकाळी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, मिशा खाली आलेल्या. मी खिशातनं त्याच्या गाडीची सुई काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"हवालदार, तुम्ही तिला गाडीवर बसवलंत ते बरोबर केलंत. विटाळ-बिटाळ काही नसतं. तुमच्या हातनं नेम मोडला म्हणून ती गेली नाही. या सुईनं गेली. तो माणूस खोटारडा होता."

त्यानं सुई उन्हाला धरून बघितली. मग म्हणाला, "मला समदं कळलंय डाक्टर. मी काय येडा न्हाई. तुमी चावडीवर बोलला ते हितं ऐकू येत हुतं."

"मग?"

"तुमचं खरं धरलं तर मी तिला कवा मारली? डबी घेतली तवाच. तुमी नगं म्हनला हुता, तीबी काढून बघू म्हनत हुती, आन मी मिशीला पीळ देत गावभर मिरवलो. बापूचं खरं धरलं, तर ती गेली मी तिला उचलून पोटाशी धरली म्हनून. बाप हुतो म्हनून. मला ह्येच बरं वाटतंय डाक्टर. ह्ये घेऊन मला झोप तरी लागंल. तुमची सुई घेऊन जावा."

त्यानं सुई परत माझ्या हातात दिली. अडाणी माणसाला समजावता येतं, लबाडाला उघडं पाडता येतं. पण ज्याला सगळं समजलंय आणि समजूनही पेलवत नाही, त्याला मी काय सांगू?

निघताना गोठ्याच्या पडवीत धाकटी मंदा दिसली. कडब्याच्या गंजीशेजारी, त्याच गोणपाटावर. सातवीत होती, आता शाळा कायमची सुटली. बाईमाणसानं गाडीला शिवायचं नाही असा हवालदारानं घरात नवा नेम केलाय. नवी सुई घालून इंजिन दुरुस्त झालंय आणि त्यानं फलटणहून नवी डबी मागवून बसवलीय. मी चंद्राबाईला म्हटलं, निदान पोरीला त्या गंजीपासून तरी लांब बसवा. ती म्हणाली, "आवं, दुसरीकडं जागा कुठं हाय?"

हे मी लिहितोय ते बाणखडीसाठी नाही. तिथं मी हरलो. तुमच्या गावच्या बाजारात उद्या कुणी कनात ठोकेल. डबी विकेल, ताईत विकेल, गाडीला लावायचं औषध नाही तर माणसाला लावायचं औषध विकेल. जर्मनीचं नाव घेईल, देवाचंही घेईल. त्याच्याशी वाद घालू नका, तो तुमच्यापेक्षा चांगला बोलतो. फक्त शालननं विचारलं होतं तेवढं विचारा, की हे न लावता, बाकी सगळं तसंच ठेवून, काय होतं ते दाखव. तो दाखवणार नाही. तो हसेल, आणि गर्दीही तुम्हाला हसेल. हसू द्या, पण उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. आणि तुमच्या मागं उभं राहून एखादी पोर हळू आवाजात हाच प्रश्न विचारत असेल, तर तिला पुढं घ्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायला लावा.